माणशी एक तांब्या

आमच्या आईचा जुना नेम होता. नळ आले की घरातलं कालचं पाणी 'शिळं' ठरायचं, मोरीत ओतलं जायचं आणि घासलेल्या घागरी नव्यानं भरायच्या. मग २०१६ चा उन्हाळा आला. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरचे नळ बंद झाले आणि आठ-दहा दिवसांनी कधीतरी टँकर गल्लीत दिसू लागला. आता शिळं म्हणावं तरी कशाला? आईनं शास्त्रात दुरुस्ती केली : तांब्याच्या घागरीतलं पाणी शिळं होत नाही. थोड्या दिवसांनी स्टीलच्या पिंपातलंही होईना. उन्हाळा चढला तसं तिनं मोरीतलं निळं प्लास्टिकचं टिपाडही सोवळ्यात घेतलं.

पाण्यावरून हाणामाऱ्या होतील म्हणून प्रशासनानं मार्चमध्येच टाक्यांजवळ, विहिरींजवळ, टँकर भरायच्या जागी कलम १४४ लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथं जमायचं नाही. आमच्या घरातच माणसं सहा. टँकर आला की सगळे हंडे घेऊन धावायचे आणि बाबा दारातूनच ओरडायचे, "अरे, एकानं मागं थांबा, पोलीस उचलतील!" मागं कोण थांबणार यावर घरात जी बाचाबाची व्हायची, तिच्यासाठी निराळं कलम लागलं असतं.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. कृष्णेचं पाणी, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी म्हणे कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये स्वच्छ करून घेतल्या होत्या. तोवर कोट्याशी आमची ओळख क्लासपुरतीच. तिकडची पोरं घोकतात की इकडची जास्त घोकतात, एवढाच वाद. (त्या उन्हाळ्यात 'लातूर पॅटर्न'ची बरीच पोरं खोल्यांमध्ये पाणी नाही म्हणून वह्या गुंडाळून गावी गेली, ते निराळं.) शहर टीव्हीसमोर बसलं. बाबा मात्र पेन्सिल घेऊन बसले. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. भागाकार करून ते म्हणाले, "माणशी सव्वा लिटर. म्हणजे एक तांब्या." आई म्हणाली, "मोठा तांब्या की पूजेचा?" पुढं वाघिणी वाढून पन्नास झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. पण आमच्या घरात हिशेबाचं माप तांब्याच राहिलं.

त्या तांब्याचं जे काही व्हायचं, ते पाहण्यासारखं होतं. अंघोळ घमेल्यात बसून. घमेल्यातलं पाणी धुण्याला, धुण्याचं फरशीला, फरशीचं संडासात. सरकारी नोकराच्या होत नाहीत इतक्या बदल्या आमच्या एका बादलीच्या व्हायच्या. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, तांदूळ धुतलेलं भांड्यांना. ताटं धुवायला नकोत म्हणून पत्रावळी आल्या. संडासात कुणी चुकून चांगलं पाणी ओतलं, तर घर त्याच्याशी दोन दिवस बोलायचं नाही. बिचाऱ्याला पोट बिघडलं हे सांगायचीसुद्धा चोरी.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा भरलं, दरवाजे उघडावे लागले. लोक धरण बघायला गेले, फोटो काढून आले आणि घरी येऊन टिपाडं भरायला लागले. धरण भरलं म्हणून नळ काही रोज येत नाहीत, आणि आले तरी भरवसा कुणाला? आमच्या दिवाणाखाली कॅन आहेत, जिन्याखाली टिपाड आहे, गच्चीवर दोन टाक्या आहेत. नळ येतात त्या रात्री आई कढई, कुकर, डबे, सगळंच भरते. सकाळी पोहे कशात करायचे, हा प्रश्न मग बायकोचा. "अहो, कढई रिकामी करू का?" असं तिनं एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.

परवा पुण्याहून साडू आले. माणूस सज्जन, पण बेसिनचा नळ सोडून दात घासतो. धो धो पाणी आणि त्यावर निवांत खरखर. सगळं घर बाहेर येऊन उभं राहिलं. बाबा खाकरले. आई आणखी मोठ्यानं खाकरली. बायको धीर करून म्हणाली, "दाजी, नळ..." साडू फेसाळ तोंडानं म्हणाले, "हो, मस्त आहे, प्रेशर चांगलंय!"

आईनं नातवाकडं नुसतं बघितलं. पोरगं गच्चीवर पळालं. चावी फिरली, नळ गुरगुरला आणि गप्प झाला.

"पाणी गेलं वाटतं," साडू म्हणाले.

"इथं असंच जातं हो, दाजी," म्हणत आईनं पूजेचा तांब्या पुढं केला. त्यात त्यांनी चूळ भरली, तोंड धुतलं, चष्मासुद्धा विसळला. मग आईनं तांब्या हलवून बघितला आणि त्यांना अंगणाची वाट दाखवली, "उरलेलं तुळशीला घाला."