१४ इंची बँडसॉ १४ इंच जाड लाकूड चिरत नाही

घरच्या वर्कशॉपसाठी मशीन शोधणाऱ्यांमध्ये एक समज फिरतोय: १४ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत) घेतला की १४ इंच जाडीचं लाकूड उभं चिरता येतं. तसं नाही. १४ इंच हा चाकाचा व्यास. त्यावरून फार तर ब्लेड आणि मागचा खांब यांमधली जागा कळते, साधारण साडेतेरा इंच. ब्लेडखाली किती जाड लाकूड मावतं, त्या उंचीचा हिशोब वेगळा. जुन्या धर्तीच्या बिडाच्या मशीनमध्ये ती जेमतेम ६ इंच असते. खांबात रायझर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) बसवला की १२ इंचांपर्यंत जाते, पण मग ब्लेडही ९३.५ ऐवजी १०५ इंचांचं लागतं. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

बरं, उंची मिळाली तरी सागाची ८ इंची फळी चिरताना अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दमते. बारीक दात्यांचं ब्लेड भुशानं भरतं, तापतं आणि तिरकं पळतं. तिथे इंचाला ३ दात्यांचं अर्धा इंची ब्लेड हवं. नुसती खेळणी नि वळणदार कामं करायची असतील तर ६ इंच उंची भरपूर झाली. मोटरवरची पाटीही वाचा: सॉ मिलमधून निघालेली जुनी मशीन बहुधा थ्री फेजवर चालतात, आणि घरातलं कनेक्शन बहुतेकांकडे सिंगल फेज असतं.