मामा, तीन कोर्टंही चुकतात

परवा पहाटे पावणेसहाला मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘चुकीची शिक्षा ही थाप आहे. तीन तीन कोर्टं तपासतात, मग चूक कुठली? जुन्या शिक्षा पुन्हा तपासणारा आयोग म्हणजे खुन्यांना मागच्या दारानं सोडायची सोय. शिवाय पोलिसांचं खच्चीकरण. आणि खरंच कोण अडकला तर सरकार भरपाई देतंच.’ दुपारी तोच मेसेज तालमीच्या ग्रुपवरनं आला. मामा म्हणून दोन दिवस गप्प बसलो.

तीन कोर्टांचंच बघा. 2003 साली जालना जिल्ह्यात शेतातल्या घरावर दरोडा पडला. खून, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण धरले. 2006 ला सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 ला उच्च न्यायालयानं तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप. 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी. झाली की नाही तीन कोर्टं? 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार माणसं ओळखली होती. ती चार या सहांत नव्हती! त्यांना पकडायचा प्रयत्नसुद्धा झाला नाही. आता सांगा, खुनी मागच्या दारानं कुणी सोडले? खच्चीकरणाचं उत्तरही यातच आलं.

मामा फोनवर म्हणाले, “सुटले न्हवं शेवटी?” सुटले, 16 वर्षांनी. मधल्या काळात फाशी झाली असती तर?

एक कबूल करतो. सुटलेला प्रत्येक जण धुतल्या तांदळाचा नसतो. साक्षीदार फितूर होतात, पंच उलटतात, हे कोर्टाच्या आवारात चहा विकणाराही सांगेल. पण म्हणून आत बसलेला प्रत्येक जण दोषीच, हे कुठलं गणित?

आयोग कुणाला सोडत नसतो. ब्रिटनमध्ये 1997 पासून असा आयोग काम करतोय. तो कागद मागवतो, राहिलेला पुरावा शोधतो आणि दम असेल तर केस पुन्हा अपील न्यायालयाकडं पाठवतो. निकाल न्यायाधीशच देतात. तालमीत एकानं विचारलं, आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, मग हे कशाला? बेंच आलं ते लई बरं झालं, ऑगस्ट 2025 पासून सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. पण अपील चालतं मुख्यतः फाइलीत असलेल्या कागदांवर. फाइलीत जे घातलंच नाही, ते शोधायला कोण जाणार?

भरपाईचं तर बोलूच नका. कायद्यात बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानं ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल दिला: खोट्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्या, त्यासाठी विशेष न्यायालयं नेमा. 2023 ला फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हे आलं नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल जी तरतूद आहे, तिची मर्यादा हजार रुपये. तेही सरकार देत नाही, अटक करवणारा देतो.

जालन्याच्या त्या सहा जणांना 16 वर्षांचे प्रत्येकी पाच लाख मिळाले, तेही न्यायालयानं आदेश दिला म्हणून. मामांची हयात साखर कारखान्याच्या अकौंट्समध्ये गेली. काल रात्री त्यांचा मेसेज आला, फक्त आकडा: ‘महिन्याला 2,604.’