माणशी उलाढाल आणि पिवळा बॅज

भोसरीतल्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, आपल्या मोबाइल कारखान्यांची माणशी उलाढाल बघा, डोळे दिपतील. दुसरा म्हणतो, हे तर नुसतं स्क्रू पिळणं. २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी हाच नुसत्या जुळणीचा मुद्दा काढला, तेव्हाही आम्ही असेच भांडलो होतो.

अरे, पण माणशी उलाढाल हा आकडाच फसवा! बोर्ड, डिस्प्ले, बॅटरी सगळं विकत आणून डबा बंद केला, की त्या सगळ्या मालाची किंमत जुळणी करणाऱ्याच्या नावावर चढते. आयफोन थ्रीजीचा २००९चा हिशेब प्रसिद्ध आहे: सुमारे १७९ डॉलर उत्पादनखर्च, त्यात चीनमधल्या जुळणीचे साडेसहा. खरेदी वजा करा, उरेल त्याला कामाच्या तासांनी भागा, मग बोला. पण २०२०च्या पीएलआयनं, म्हणजे सरकारच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेनं, मोबाइलला पैसे दिले ते वाढीव विक्रीवर, खरेदी वजा जाता उरणाऱ्या मूल्यवर्धनावर नाही. सुट्या भागांची वेगळी मोठी योजना यायला २०२५ उजाडलं.

स्क्रूवाल्यांनाही मी सोडलं नाही. मी आता जर्मनीत आहे; स्टुटगार्टजवळच्या आमच्या प्लँटमध्ये तरी वेगळं काय चालतं? बोर्ड हंगेरीचा, कव्हर चेक रिपब्लिकचं, आम्ही जुळवतो आणि तपासतो. विकत घेण्यात कसला आलाय कमीपणा? प्रश्न आहे माल कसा येतो याचा. भोसरीत एकदा कनेक्टरचा स्वस्तातला लॉट आला, पिना केसभर वाकड्या. लाइनवरच्या बायका दिवसभर चिमट्यानं एकेक पिन सरळ करत बसल्या. संध्याकाळी टार्गेट अर्ध्यावर, आणि सुपरवायझर ओरडतोय, "हात चालवा, हात!" हात सकाळपासून चालतच होते. परचेसवाल्यांनी वाचवलेले पैसे त्या हातांनी भरले, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये शाबासकी मात्र परचेसला. इथे असला लॉट गेटवरूनच परत जातो. (हे मी ग्रुपवर जरा जास्तच ठसक्यात लिहिलं, कबूल.)

त्यावर एकानं विचारलं, "मग साहेब, तुमच्याकडे माणशी किती पडतात?"

उत्साहानं भागाकार करायला बसलो. उलाढाल माहीत होती, कामगारसंख्याही. भागताना लक्षात आलं की त्या संख्येत मी नाहीच. मी एका सेवा कंपनीमार्फत इथे येतो. माझा बॅज पिवळा, प्लँटच्या स्वतःच्या कामगारांचा निळा. प्लँटच्या वहीत माझा पगार म्हणजे पगार नव्हे, बाहेरून घेतलेल्या सेवेचं बिल. कनेक्टरसारखाच. माझ्यासारखे जितके जास्त, तितका प्लँटचा माणशी आकडा गोंडस. आपल्याकडे उद्योगांच्या वार्षिक पाहणीत निदान कंत्राटी माणूस कामगारांत धरतात. हे ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं.

दुपारी कँटीनच्या गल्ल्यावर बॅज टेकवला. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही तो बाहेरच्यांचा दर पडद्यावर उमटला. मागे उभा असलेला निळ्या बॅजवाला सहकारी जेवणवेळचा जर्मन रामराम म्हणाला, "माल्त्साइट!" मीही म्हणालो.

मित्राला कळवलं, आकडा नंतर बघून सांगतो.