वेग नंतर सांगा, आधी थांबे सांगा

दोन मोठी शहरं जोडणारा हायस्पीड रेल्वेमार्ग होणार म्हटलं की चर्चा ठरलेली असते. ताशी किती किलोमीटर? किती तासांत पोचणार? तिकीट विमानापेक्षा स्वस्त का महाग? मी मात्र सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: गाडी मध्ये कुठे कुठे थांबणार आणि ती स्टेशनं नेमकी कुठे आहेत.

टोकाच्या शहरांकडे विमान असतं, हायवे असतो. मधल्या गावांची जमीन जाते, पूल त्यांच्या शेतांवरून जातो, आणि गाडी थांबलीच नाही तर त्यांच्या वाट्याला नुसता आवाज येतो. हे मला अन्यायाचं वाटतं आणि शहाणपणाचंही वाटत नाही.

टोकियो-ओसाका मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला तेव्हा ताशी २१० किलोमीटरचा आकडा जगभर गाजला. पण पहिल्या दिवसापासून तिथे दोन प्रकारच्या गाड्या होत्या. 'हिकारी' वाटेत फक्त नागोया आणि क्योतोला थांबायची, 'कोदामा' सगळी बारा स्टेशनं घेत जायची. आजही लहान स्टेशनवर कोदामाला साइडला घेतात. ती फलाटाला लागून दारं उघडी ठेवून उभी असते, मधल्या रुळांवरून 'नोझोमी', म्हणजे सर्वांत कमी थांब्यांची गाडी, न थांबता सुसाट निघून जाते, मग कोदामा सुटते. त्यामुळे लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो आणि मधल्या गावाची गाडीही टिकते. 'जास्त थांबे दिले की बुलेट ट्रेनची पॅसेंजर होते' असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. त्यासाठी स्टेशनात जादा रूळ लागतात, जागा आणि पैसा लागतो. माझ्या मते अख्ख्या मार्गावरचा तोच सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च.

लोकांना थांब्याचं मोल किती असतं तेही याच मार्गावर दिसलं. १९९२ मध्ये नोझोमी सुरू झाली तेव्हा सकाळची पहिली गाडी नागोया आणि क्योतो दोन्ही सोडून जायची. वीस लाखांवर वस्तीचं नागोया खवळून उठलं. आज प्रत्येक नोझोमी तिथे थांबते. काकेगावा तर लहान गाव. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून स्टेशनला हातभार लावला आणि १९८८ मध्ये थांबा मिळवला.

स्पेनमध्ये १९९२ सालीच माद्रिद-सेव्हिल मार्ग सुरू झाला. गाजावाजा दोन टोकांचा झाला, पण मला त्यातलं सिउदाद रेआल जास्त महत्त्वाचं वाटतं. हे मधलं, मध्यम आकाराचं शहर माद्रिदपासून तासाभराच्या आत आलं. थोड्या अंतरासाठी वेगळ्या गाड्या ठेवल्या, पास दिले, आणि लोक नोकरीसाठी, कॉलेजसाठी रोज अप-डाउन करू लागले. घर न सोडता राजधानीतली नोकरी करता येणं, यापेक्षा मोठा फायदा कुठला सांगणार?

उलट उदाहरण फ्रान्सचं. उत्तरेकडच्या मार्गावर आमियाँ आणि सँ-काँताँ या दोन शहरांच्या अधेमधे, शेतात, ओत-पिकार्दी नावाचं स्टेशन १९९४ मध्ये उघडलं. दोन्ही शहरांना सोयीचं म्हणून मधली जागा निवडली, आणि ते दोघांनाही लांब पडलं. जुनी रेल्वे जवळून जाते, पण या स्टेशनाला जोडलेली नाही. मोटारीनं किंवा बसनं जायचं. लोकांनी त्याचं नाव 'बिटाचं स्टेशन' ठेवलं, कारण आजूबाजूला बिटाची शेतं! अशा स्टेशनावर उतरून घरी पोचेपर्यंत वाचलेला वेळ सगळा खर्ची पडतो.

म्हणून कुठल्याही नव्या मार्गाचा आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा मधल्या प्रत्येक स्टेशनाबद्दल विचारायला हवं. जुन्या रेल्वेशी ते पायी चालण्याइतकं जवळ आहे का? दिवसात किती गाड्या थांबणार? मासिक पास मिळणार का? मागची गाडी पुढे काढायला जादा रूळ आहेत का? ही उत्तरं जमीन घेण्याआधीच लेखी मागायला हवीत. पूल उभे राहिले आणि स्टेशनच्या दोन्ही बाजूंना बांधकाम झालं की रूळ वाढवायला जागाच उरत नाही.