'मढ्याला रंग' म्हणणाऱ्या वाचकास

आमच्या जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवरच्या लेखाखाली एका वाचकाने नाव न देता लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचा गोषवारा असा: पिस्टन, डिझेल पंपाचं आतलं सामान, ब्रेकचं लायनिंग आणि डायनॅमो बदलल्यावर ट्रॅक्टर मूळचा राहत नाही, केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमातही मूळ रूपाची अट आहे, लाल रंगाची छटा जुळत नाही. आणि शेवटचं वाक्य: "ट्रॅक्टर केव्हाच मेला, तुम्ही मढ्याला रंग दिलात."

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या जागी आताच्या पद्धतीचा अल्टरनेटर डोळ्यांना खटकतो, हे मान्य. मलाही खटकतो. जुना डायनॅमो नीट भरून देणारा कारागीर मिळाला की तो परत चढवीन. रंगाच्या छटेवर फोटो बघून वाद घालण्यात अर्थ नाही. २०२१ चा नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात येतच नाही. हे मुद्दे संपले.

शेवटचं वाक्य मात्र मी सोडणार नाही.

हा ट्रॅक्टर माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतला. शिरोळ तालुक्यातली काळी जमीन, ऊस, आणि हंगामात कारखान्याच्या खेपा. त्याचं क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंड झालं, सिलिंडरचं भोक वाढवून (बोअर करून) मोठ्या मापाचे, ओव्हरसाइज पिस्टन बसले, क्लच प्लेटा तर कितीतरी बदलल्या. प्रत्येक वेळी तो परत येऊन नांगराला लागला. तेव्हा कुणी त्याला मढं म्हटलं नाही. वापरातल्या यंत्राचं आयुष्य असंच असतं. कौलं बदलली म्हणून वाडा पडला असं कोणी म्हणत नाही.

आणि 'मूळचा' म्हणजे नेमका कुठला, तेही सांगा. बी-२७५ मुळात इंग्लंडातल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातला, १९५८ चा. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इथे कंपनी काढली आणि तो मुंबईत कांदिवलीला बनू लागला. आधी बाहेरून आलेले भाग जास्त, पुढे हळूहळू इथल्या पुरवठादारांचे. म्हणजे बदली पार्ट कारखान्यातच बसत गेले. डॉनकास्टरच्या मापाने पाहिलं तर आमचा ट्रॅक्टर नवाकोरा असतानाही अस्सल नव्हता. हे मी मानत नाही, आणि तुम्हीही मानत नसाल. खुद्द इंग्लंडातली हौशी मंडळी आपल्या मॅसी फर्ग्युसन ३५ ला भारतात बनलेले पार्ट लावून शेताच्या मेळाव्यांत फिरवतात.

आता मी काय बदललं, तेही नीट वाचा, कारण लेख तुम्ही पूर्ण वाचलेला दिसत नाही. हेड उतरवलं तेव्हा बोअरच्या वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग वळते तिथे, नख अडकेल एवढी पायरी पडली होती. ते पिस्टन 'मूळचे' म्हणून परत घालायचे? पंपाची तर वेगळीच तऱ्हा. इंजिन गार असताना पहिल्या सेल्फला सुरू व्हायचं. तासभर चालवून बंद केलं की धक्का मारल्याशिवाय उठायचं नाही. आतलं सामान झिजलं की गरम, पातळ झालेलं डिझेल फटीतून मागे सरकतं आणि नोझलला दाबच मिळत नाही. म्हणून आतलं सामान नवं, बॉडी तीच. लायनिंगचं म्हणाल तर त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. त्याची धूळ माझ्या फिटरच्या छातीत गेली तर तुमची अस्सलता त्याच्या उपयोगाची नाही.

उलट, नव्या मॉडेलचं डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिनच टाका, स्वस्त पडेल, असा सल्ला मला भेटेल त्याने दिला. मी टाकलं नाही. १४४ घन इंचांचं ते चार सिलिंडरचं जुनं इंजिन, त्याचा ब्लॉक, त्याचं हेड, गार इंजिन सुरू करताना तापवणाऱ्या हीटर प्लगसकट ठेवलं. गिअरबॉक्सचं हाउसिंग तेच. बॉनेटवरचा पोचा डेंटरला काढू दिला नाही, कारण तो गोठ्याच्या खांबाला धडकून वडिलांच्या हातून पडलेला आहे. काढलेला एकेक पार्ट ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला आहे. उद्या कुणाला सगळं जुनंच बसवायचं असेल तर बसवता येईल.

तुम्ही लिहिता की जुना कंपनीचा पार्ट कधी दगा देत नाही. आमच्याकडे पुढच्या चाकाचा टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगला चाक जोडणारा सांधा, कंपनीचा होता. सैल झालेला दिसत होता, पण 'कंपनीचा आहे, अजून चालेल' म्हणून राहिला. भरलेली उसाची ट्रॉली मागे असताना तो निसटला, ट्रॅक्टर चारीत गेला आणि वडिलांचा पाय मोडला. ते पुढे आयुष्यभर लंगडत चालले. स्टीअरिंग, ब्रेक आणि इंजिनाच्या आत मी झिजलेला पार्ट ठेवणार नाही, तो कुठल्याही कारखान्याचा असो. यावर मला कुणाकडून शिकायचं नाही.

डुप्लिकेट मालाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. मीही एका दुकानातून आणलेलं बेअरिंग हातात खडखडलं म्हणून परत केलं आहे. पण वाईट पार्ट मिळतात म्हणून पार्टच बदलू नयेत, हे कसं?

आज सकाळी त्याने आमच्या खालच्या पट्टीत फण मारला. तुमच्याकडे बी-२७५ चा जुना, चालू स्थितीतला डायनॅमो असेल तर कळवा, योग्य किंमत देईन. मापं, पार्ट, रंग यांवर कितीही कडक लिहा, छापीन. वडिलांच्या ट्रॅक्टरला पुन्हा मढं म्हणालात तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.