लाखाची बॅटरी

मामाची मागणी एका दमातली होती. "बाला, रातची होरीवर चालंल अशी येक बॅटरी बग. लांबचं दिसलं पायजे, बस." मी नेरूळच्या सोसायटीत राहतो, मामा सारसोळे गावात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे घराण्याच्या हिशेबाने बटण असलेल्या प्रत्येक वस्तूतलं मला कळतं.

मामाला बॅटरी कशाला लागते ते आधी सांगतो, कारण बॅटऱ्या विकणाऱ्यांपैकी ते कोणालाच ठाऊक नसतं. खाडीची भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जाळ्याची वेळ तिच्यामागून सरकत कधी ना कधी मध्यरात्रीवर येऊन बसतेच. मग तिवरांतल्या अरुंद नाल्यातून होडी बाहेर काढायची, ठाण्याच्या खाडीत आपल्या जाळ्याचे फ्लोट शोधायचे, दुसऱ्याचे खुंट चुकवायचे, दिवा न लावता मधेच नांगर टाकून घोरणाऱ्याला धडकायचं नाही आणि पाणी उतरायच्या आत त्याच नाल्याचं तोंड परत गाठायचं. अंधारात सगळी तोंडं सारखी दिसतात. तिवरांना सेक्टर नंबर नसतात.

ऑनलाइन शोधायला बसलो तर सगळ्यात वर एक लाख लुमेनची बॅटरी. लुमेन हे उजेडाचं माप. किंमत सहाशे नव्याण्णव, सोबत चार्जर आणि प्लॅस्टिकची पेटी मोफत. मोटारीच्या साध्या हॅलोजन दिव्यातून हजार-दीड हजार लुमेन निघतात. तेव्हा या वीतभर नळकांड्यात, मोटारीला दोन दिवे धरून, चाळीसेक मोटारी पार्क केलेल्या असणार, आणि नेरूळमध्ये एवढं पार्किंग कुठे मिळतं! चांगली एलईडी एका वॅटमधून शंभर-सव्वाशे लुमेन काढते. लाख लुमेन काढायला आठशे ते हजार वॅट हवेत. आमच्या घरची इस्त्री हजार वॅटची आहे. या बॅटरीच्या पोटात एकच १८६५० सेल होता. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याचं नाव तसं. त्यात भरून भरून दहा-बारा वॅट-तास वीज राहते. जाहिरात खरी असती तर सेल पाऊण मिनिटात संपला असता आणि तेवढ्यात मामाच्या शर्टाला कडक इस्त्री झाली असती. त्या सेलवर ९,९०० एमएएच असंही छापलं होतं. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. या मापाचा नामांकित सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास दमतो. खाली एकाने लिहिलं होतं, 'अजून वापरली नाही, पण पॅकिंग छान.' पाच तारे.

म्हणून मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ गाठली. तिथला दुकानदार भर दुपारी, डोक्यावर ट्यूबलायटींची रांग लावून, छताला झोत मारत म्हणाला, "देखो साहब, पावर!" मला दिसलं ते छताचं पोपडे गेलेलं प्लास्टर. बॅटरी किती लांब जाईल विचारलं तर म्हणाला, "जितना चाहिए उतना."

खरी गोम इथेच आहे. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो चहूकडे सांडला की एका जागी एकवटला, हे सांगतो कँडेला. होडीवर कामाचा तोच, आणि खोक्यावर नेमका तोच सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेला, छापला असला तर. त्यावरून पल्ला काढायला सोपं गणित आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. दहा हजार कँडेलाला दोनशे मीटर. चारशे मीटर हवे तर वीस हजार पुरत नाहीत, चाळीस हजार लागतात. आणि त्या चारशे मीटरवर उजेड उरतो पाव लक्स, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पुनवेच्या चांदण्याइतका. हे सगळं मी मामाला वहीत आकृती काढून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुनवेला मना बॅटरी कशाला रं?"

यावर अभियांत्रिकीत उत्तर नाही.

मग पाण्याचा प्रश्न. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे उडाले तरी चालेल, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. एक बॅटरी खात्री करायला बादलीत बुडवून मी बाथरूमला बाहेरून कडी घातली. अर्ध्या तासात आई, बायको आणि धुणं घेऊन आलेल्या मावशी अशा तिघींनी माझ्या शिक्षणाबद्दल आपापलं मत नोंदवलं. बॅटरी पास झाली. मामाने ती हातात तोलली आणि म्हणाला, "तरंगतं का?" अॅल्युमिनियमची बॅटरी तरंगत नाही. आयपीएक्स ८ असो नाहीतर अठ्ठेचाळीस, हातातून सुटली की तळाला जाते, आणि जलरोधक असल्यामुळे चार्ज असेपर्यंत तिथल्या चिंबोऱ्यांना रस्ता दाखवत राहते. शिवाय हे आकडे गोड्या पाण्यातले. खारं पाणी आत न शिरताही आटे आणि चार्जिंगचं भोक खातं, म्हणून घरी आल्यावर नळाखाली धुवायची आणि रबराच्या कड्याला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. मामी म्हणाली, "माशांच्या आदी आता हिला धुवाची का?"

पल्ल्याची चाचणी सोसायटीच्या गच्चीवरून घेतली. समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक गृहस्थ बनियनवर उभे राहून केळं खात होते. झोत त्यांच्यावर पडला आणि ते सबंध नेरूळला दिसले. सोसायटीच्या ग्रुपवर 'ड्रोन आला आहे' अशी बातमी आली, मग ती पक्की झाली, मग एकाने ड्रोन पाहिल्याचंही सांगितलं. मी अंगठा टाकला.

शेवटी होडीवरच गेलो. मामा इंजिनापाशी, मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. खाडीत आल्यावर मी रुबाबात बटण दाबलं. पांढराशुभ्र लोट आधी होडीच्या काठावर आपटला, मग हवेतल्या दमट धुक्यावर, आणि दोन्हीकडून परत आमच्याच डोळ्यांत आला. बंद केल्यावर तर खाडीच गायब! "डोलं गेलं ना माजं!" मामा ओरडला. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झोतात जातो. म्हणून होडीवरच्या बॅटरीला सगळ्यात मंद पायरी हवी, जाळं सोडवण्यापुरती, आणि चालू केल्यावर तीच आधी लागायला हवी. मोठा झोत हात लांब करून, होडीच्या बाहेर धरून, क्षणभर मारायचा. मामाला हे शिकवावं लागलं नाही. त्याची जुनी तीन सेलवाली स्टीलची बॅटरी तो वर्षानुवर्षं अशीच वापरत आलाय. बराच वेळ तर बंदच ठेवतो.

समोर ट्रॉम्बेचे दिवे होते, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची बाजू. तिकडे प्रकाशझोत टाकून मोजमाप घेणारा सॉफ्टवेअरवाला कुठल्या कलमात बसतो हे जाणून घ्यायची मला हौस नव्हती. मी मान वळवून तिवरांवर प्रयोग केले.

या बॅटरीचं आणखी एक होतं. ती बंद करायची तर वाटेत लुकलुक लागायची, मग एसओएस, मग बंद. मामाचा ओला, माशाच्या चिकट्याने बुळबुळीत अंगठा एसओएसवर अडकला आणि आम्ही काही काळ सगळ्या खाडीकडे मदत मागत फिरलो. कोणी आलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम असला जोरदार लुकलुकणारा दिवा टाळा म्हणतात. त्याच नियमांत वल्ह्याच्या होडीला सवलत आहे. तिने दिवे लावले नाहीत तरी चालेल, पण पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा कंदील हाताशी हवा, आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवायला हवा. इंजिनाच्या होडीला मात्र ही पळवाट नाही. लहानातल्या लहान, सात मीटरच्या आतल्या आणि सात नॉटहून मंद होडीलाही चहूकडून दिसेल असा पांढरा दिवा लागतोच. मामाच्या होडीवरच्या काठीवर तो आहे. मी कौतुक केलं तर म्हणाला, "बार्जवाला काय नियम वाचून येतंय? त्याला दिसलं पायजे."

सगळं जमवून घेतली ती सहाशे लुमेनची, साडेबावीस हजार कँडेलाची, म्हणजे तीनशे मीटरची. एकच ठसठशीत बटण, लुकलुक नाही, सेल बदलता येणारा. एक जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत, कारण असा सेल नाक्यावरच्या दुकानात मागितला तर पेन्सिल सेल मिळतो आणि वर 'हाच असतो' असं ऐकावं लागतं. तरंगण्याचा प्रश्न मामाने सोडवला. जुन्या जाळ्याचा फ्लोट नायलॉनच्या दोरीने बॅटरीला बांधला. आता ती बॅटरीसारखी दिसत नाही, पण बुडतही नाही.

पहिल्या फेरीहून परत आलो तर जेट्टीवर शेजारचे नाखवा उभे. त्यांच्या पोराने ऑनलाइन मागवलेली त्यांच्या हातात, पेटीसकट. मामाच्या बॅटरीकडे, विशेषतः फ्लोटकडे, बघून त्यांनी विचारलं, "किती लुमेनची रं?"

सहाशे म्हणायला मी तोंड उघडलं, पण मामा आधीच बोलून मोकळा झाला होता.

"येक लाख."

नाखवांनी आपली बॅटरी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि माझ्याकडे वळले. "मंग मना पन येक बग, बाला. पन दीड लाखाची."