लसिका पेशी, स्टेरॉइड आणि रक्तातील प्रथिने

स्टेरॉइडमुळे लसिका पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फुटतात व त्यांतील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंविरुद्ध लढणारी प्रथिने, रक्तात मिसळतात, असे स्टेरॉइडांवरील एका लेखात वाचले; ते विधान अपुरे वाटते. अमेरिकेत डॉहर्टी आणि व्हाइट यांनी १९४० च्या दशकात हाच विचार मांडला होता आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकांनी (शरीरात तयार होणाऱ्या स्टेरॉइडांनी) उंदरांचे लसिका ऊतक झपाट्याने आक्रसते, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे. मात्र प्रतिपिंडे प्रामुख्याने प्लाझ्मा पेशी (लसिका पेशींपासून बनणाऱ्या पेशी) स्रवतात, हे १९४८ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फाग्रेयस यांनी दाखवून दिले. त्या पेशी जिवंत असतानाच हे काम करतात. त्यासाठी त्यांना फुटावे लागत नाही.

मल्टिपल मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, हे स्पष्ट दिसते. तिथे एकाच कुळातील पेशी एकच प्रथिन स्रवत राहतात, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी करणाऱ्या तपासणीच्या) आलेखावर, जंतुसंसर्गात दिसणाऱ्या पसरट उंचवट्याऐवजी, उंच आणि अरुंद शिखर उमटते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने या पेशी मरतात, तेव्हा ते शिखर वाढण्याऐवजी खाली येते. आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडाचे रक्तातील अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) साधारण तीन आठवडे असल्याने ही घट सावकाश होते, आणि पहिल्याच अहवालावरून रुग्णांनी धीर सोडू नये म्हणून लेखात याचा उल्लेख अवश्य हवा होता.